फरशीवरचं डबकं आधी डॉक्टरला दाखवा

"बी विंगच्या लिफ्टमध्ये पुन्हा कुणाच्या तरी कुत्र्यानं घाण केली आहे. सीसीटीव्ही पाहून दंड लावला जाईल." वाकड असो, पिंपळे सौदागर असो, पुनावळे किंवा मोशी असो, पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज अधूनमधून पडतोच. खाली अंगठे उमटतात. कुणी नाक दाबलेला चेहरा टाकतो, कुणी "सांभाळता येत नाही तर आणायचा कशाला?" असं सुनावतो. त्याच वेळी तेराव्या मजल्यावर कुणीतरी मोबाइल उपडा ठेवून बारा वर्षांच्या लॅब्रेडॉरखालची ओली गोधडी ओढून काढत असतं.

या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या कुत्र्याला झालंय काय?

म्हाताऱ्या कुत्र्याची लघवी सुटणं ही खोड नव्हे, आणि सूड तर नव्हेच. घरोघरी त्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, त्याचं तोंड डबक्यापाशी नेऊन दटावणं. दुसरी, 'वय झालं आता, काय करणार' म्हणत हात टेकणं. दोन्ही चुकीच्या, पण दुसरी जास्त घातक, कारण ती दयाळू दिसते. लघवीवरचा ताबा जाणं हे लक्षण आहे. त्याच्या मागं अर्धा डझन वेगवेगळे आजार असू शकतात आणि त्यातले बरेचसे औषधाला दाद देतात. मात्र डॉक्टरकडं जाण्याआधीच लोक मेडिकलमधून डायपर घेऊन येतात. डायपरनं फरशी कोरडी राहते, आजार आत चालूच राहतो.

हा विषय या पट्ट्यात आत्ताच काढायला कारण आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज उभी राहिली. त्या काळच्या बैठ्या घरांत आणि गावठाणांत कुत्रा दाराबाहेर असायचा. म्हातारपणी त्याची लघवी सुटली तरी ती अंगणातल्या मातीत मुरून जायची, घरात कुणाला पत्ताही लागत नसे. २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर गेली, आणि शहर उभं वाढलं. चाकणकडंही तेच झालं. जमिनी कंपन्यांकडं गेल्या, शेणानं सारवलेल्या ओसरीच्या जागी ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्स आल्या. राखणीचा कुत्रा घरातला झाला, सोफ्यावर चढला. त्याची लघवी मुरायला आता माती उरलेली नाही.

त्यात टाळेबंदीची भर. २०२० आणि २०२१ मध्ये घरी अडकलेल्या कितीतरी कुटुंबांनी मुलांच्या हट्टापायी पिल्लं आणली. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत सातव्या-आठव्या वर्षापासूनच वार्धक्य धरतात. म्हणजे टाळेबंदीतली ही अख्खी पिढी येत्या काही वर्षांत एकदमच म्हातारी होणार आहे. पिल्लाला शू कुठं करायची हे शिकवायला घरातल्या सगळ्यांना वेळ होता. तेच शिक्षण म्हातारपणी मोडेल तेव्हा सगळे कामावर असतील.

मग करायचं काय? आधी नीट बघायचं. घरच्यांनी चार दिवस लक्ष ठेवून लिहून काढलं तर डॉक्टरचं निम्मं काम होतं.

कुत्री गाढ झोपलेली आहे, उठल्यावर अंथरुणावर ताटलीएवढा ओला डाग आहे, आणि ती स्वतःच तो हुंगून गोंधळून बघते आहे, असं असेल तर तिला लघवी झाल्याचं कळलेलंच नाही. मूत्रमार्गाच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू सैल पडला की असं होतं. नसबंदी झालेल्या, मध्यम वयाच्या पुढच्या मोठ्या माद्यांत हे जास्त दिसतं, कारण इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं. ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक माद्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्या माद्या मिळून हे प्रमाण सुमारे तीन टक्के निघालं, पण डॉबरमनच्या माद्यांमध्ये ते पाचात एक इतकं होतं. कारखान्यांच्या आणि बंगल्यांच्या राखणीला डॉबरमन ठेवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवायला हवा. या दुखण्यावर औषधं आहेत आणि पुष्कळ माद्यांना ती लागूही पडतात. म्हणून नसबंदीला दोष देण्याचं कारण नाही. तिच्यामुळं गर्भाशयात पू होण्यासारखा जिवावरचा आजार टळतो. मोठ्या जातीच्या मादीची नसबंदी कोणत्या महिन्यात करावी, एवढं डॉक्टरशी बोलून ठरवावं.

दुसरा प्रकार म्हणजे डबकं मोठं आणि पाण्याचं भांडं सारखं रिकामं. इथं मूत्राशय दोषी नसतो, लघवीच जास्त तयार होत असते. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयातला पू, ही नेहमीची कारणं. आणखी एक कारण घरातल्या फ्रिजवरच्या डब्यात असतं. खाजेसाठी सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कुत्रा पाणी ढोसतो आणि लघवीही तशीच करतो. हृदयासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळीही तेच करते. गोळ्यांची पट्टी डॉक्टरला दाखवली तर पुढच्या दहा तपासण्या वाचू शकतात. मात्र स्टेरॉइड परस्पर बंद करू नये. ते टप्प्याटप्प्यानंच उतरवावं लागतं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही, पाण्याची लिटरची बाटली पुरते. सकाळी मोजून पाणी ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. निरोगी कुत्रा दिवसाकाठी वजनाच्या किलोमागं साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. उन्हाळ्यात किंवा नुसतं कोरडं खाद्य असेल तर थोडं जास्त. किलोमागं १०० मिलिलिटरच्या वर आकडा गेला तर तो आजार समजावा. म्हणजे ३० किलोच्या लॅब्रेडॉरनं दिवसात तीन लिटरच्या वर पाणी संपवलं तर डायपरचा विचार बाजूला ठेवून रक्त आणि लघवी तपासायची.

तिसऱ्या प्रकारात कुत्रा सारखा बाहेर जायला मागतो, कुंथतो, चार थेंब टाकतो, कधी लघवीत रक्त दिसतं. हा संसर्ग असेल, मूतखडा असेल, किंवा नसबंदी न झालेल्या नराची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल. घरातल्या आजोबांची हीच ग्रंथी वाढली की युरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली जाते. टायगरची वाढली की त्याला दटावणी मिळते. प्रत्यक्षात वयामुळं वाढलेली कुत्र्याची प्रोस्टेट नसबंदीनंतर बहुधा आकसते. कुंथूनही थेंबसुद्धा येत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबणं ही काही तासांत जिवावर बेतणारी आणीबाणी आहे.

पावसाळ्यात गोचिडांचा ताप हा या भागातला हमखास पाहुणा. गोचिडांतून येणारा बबेसिया झालेल्या कुत्र्याची लघवी कॉफीसारखी गडद होते, आणि गोचिडांच्या तापातून उठलेल्या कुत्र्याची मूत्रपिंडं पुढं दुखावलेली निघू शकतात. लेप्टोस्पायरोसिसही याच दिवसांतला. तो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. म्हणून डबकं पुसताना हातमोजे घालावेत आणि 'आता म्हातारा झाला, कशाला टोचायचं' म्हणून वर्षाची लस चुकवू नये.

काही कुत्र्यांना कळतं, पण पोचता येत नाही. गुडघे-खुबे झिजलेले असतात, कण्यात चकती सरकलेली असते, आणि फ्लॅटमधली विट्रिफाइड फरशी पाय धरू देत नाही. उठण्याच्या धडपडीतच लघवी सुटते. अशा घरात सर्वात स्वस्त उपाय पायाखाली असतो. झोपायच्या जागेपासून दारापर्यंत जुन्या योगा मॅटचे तुकडे, सुतळीची पायपुसणी किंवा बाथरूममध्ये घालायचे रबरी मॅट अंथरायचे, नखं कापायची, पंजांमधले केस भादरायचे. पाय घसरेनासे झाले की निम्मी डबकी कमी झाल्याचा अनुभव येतो. सांधेदुखीवर कुत्र्यांची वेगळी औषधं असतात. घरातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र कधीही देऊ नये, ती कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक आहे.

उरतो मेंदूचा प्रश्न. कुत्रा बाहेर फिरून येतो, काहीच करत नाही आणि घरात आल्याबरोबर पाहुण्यांच्या सतरंजीवर सोडतो. रात्री जागतो, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, ओळखीच्या दाराच्या बिजागरीकडच्या बाजूला जाऊन थांबतो. माणसातल्या स्मृतिभ्रंशासारखाच हा आजार. अमेरिकेतल्या 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'नं १५ हजार कुत्र्यांच्या माहितीवरून २०२२ मध्ये मांडलं, की दर वाढत्या वर्षाला याची शक्यता सुमारे ५२ टक्क्यांनी वाढते. हा आजार बरा होत नाही, पण ठरलेल्या वेळा, दिवसा थोडं चालणं, रात्री मंद दिवा आणि डॉक्टरनं दिलेली औषधं यांनी घराला पुष्कळ उसंत मिळते.

डॉक्टरकडं जाताना सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना न्यावा. नराचा नमुना घेणं सोपं असतं. मादी खाली टेकून बसते, तिच्यासाठी लांब दांड्याची पळी किंवा उथळ ताटली लागते. लगेच पुढं केली तर ती बिचकून उठते. धार सुरू होऊ द्यायची आणि मागून हलकेच सरकवायची. नमुना स्वच्छ डबीत भरून दोन-तीन तासांत द्यावा, तोवर फ्रिजमध्ये ठेवावा. लघवी घट्ट आहे की पाण्यासारखी, तिच्यात साखर आहे का, पू आहे का, हे त्या चार चमच्यांतून कळतं. कित्येकदा निदानाची दिशा तिथंच ठरते.

उपचार चालू असतानाही धुणंपुसणं चुकत नाही, आणि इथं पिंपरी-चिंचवडचं दुखणं वेगळं आहे. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येतं. ज्या घरात रोज दोन गोधड्या ओल्या होतात त्या घरानं दिवसाआडच्या पाण्यात काय करायचं? जाड गोधडी धुवायची वेळच येऊ द्यायची नाही. खाली मेणकापड, त्यावर मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारं अंडरपॅड, सर्वात वर जुन्या सुती साडीची घडी. रात्री ओलं होईल ते फक्त वरचं, आणि ते बादलीभर पाण्यात निघतं, जुलैच्या दमट हवेतही पंख्याखाली सुकतं. बाळंतिणीच्या खोलीत दुपटी-लंगोटांचा ढीग सांभाळलेल्या आजीला हे नव्यानं शिकवावं लागत नाही.

पुसण्याचीही रीत आहे. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरलं की कुत्र्याला तिथं लघवीचाच वास येतो आणि तो तीच जागा पुन्हा धरतो. ताज्या लघवीवर ब्लीच ओतलं तर घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. बंद बाल्कनीत किंवा मोरीत हा प्रयोग नको. आधी कागदानं टिपून घ्यावं, मग पाणी, मग व्हिनेगर घातलेलं पाणी. शक्य असेल तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरावं, वास मुळातून तेच काढतं.

डायपर वाईट नाही, तो शेवटून दुसरा उपाय आहे इतकंच. शेपटीसाठी भोक पाडलेला माणसांचा डायपर मादीला चालतो, नराला पोटाभोवती बांधायचा पट्टा पुरतो. तीन-चार तासांनी बदलला नाही तर कातडी लाल होते, सोलवटते, आणि पावसाळ्यात माश्या बसून किडेही पडतात. मागच्या बाजूचे केस बारीक कापावेत, कोमट पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करावं. बाळांच्या रॅशचं मलम लावू नये. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं, कुत्रा ते चाटतो आणि आजारी पडतो. घरोघरी होणारी सर्वात मोठी चूक तर वेगळीच आहे. रात्री भिजू नये म्हणून संध्याकाळीच पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्या कुत्र्याला याहून जास्त अपाय करणारं घरगुती औषध नसेल.

आता वेळेचा हिशेब. म्हाताऱ्या कुत्र्याला चार ते सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं. चाकणमधल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाची कंपनीची बस उजाडायच्या आत येते. पाळी आठ तासांची, जाण्या-येण्याचे दोन, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा तळेगाव चौकात कोंडी झाली तर वर आणखी किती ते कुणी सांगू शकत नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर दाराआड बारा तास एकटा असलेल्या कुत्र्यानं धरून ठेवायचं तरी किती? ज्या घरात टेल्कोतून किंवा बजाजमधून निवृत्त झालेले आजोबा आहेत तिथं निभावतं. "आजोबा, जिमीला जरा खाली नेऊन आणता का? सकाळपासून उठलेली नाही," असं म्हणायला सुनेला कुणीतरी असतं. पण आजोबांचेही गुडघे दुखतात, आणि ३० किलोची जिमी उचलून लिफ्टपर्यंत नेणं त्यांच्या वयाला झेपत नाही. मागच्या पायांखालून टॉवेलची झोळी घालून चालवलं तर दोघांचंही भागतं.

या सेवेचा माणसावर पडणारा ताण खोटा नाही. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये २३८ पाळणाऱ्यांचा अभ्यास केला. दीर्घ आजारी जनावर असलेल्यांमध्ये ताण, चिंता आणि नैराश्याची लक्षणं निरोगी जनावर असलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त होती. म्हणून 'कुत्र्याच्या मुतासाठी रजा कसली काढतोस' असं हसणाऱ्या सहकाऱ्यांनी थोडं दमानं घ्यावं.

आणि सोसायटी? शेजाऱ्यांची तक्रार खोटी आहे असं म्हणणं अन्याय होईल. लिफ्टमध्ये वास येतो, लहान मूल घसरतं, पंचाहत्तरीच्या आजीबाईंचं हाड मोडू शकतं. पाळणाऱ्यानं पिशवीत फडकं आणि पाण्याची बाटली घेऊनच दाराबाहेर पडलं पाहिजे, यात वादच नाही. पण दंडाच्या पावत्या फाडणाऱ्या कमिटीनंही कायदा वाचावा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. बहुमताच्या ठरावानंसुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा आकार लावता येत नाही. मंडळ पाळणाऱ्यांनाही स्वच्छता राखायला सांगतं. भांडण मिटवायला फार लागत नाही. प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर एक मॉप आणि फवारा ठेवावा, ज्याच्या कुत्र्यानं केलं त्यानं पाच मिनिटांत पुसावं. म्हाताऱ्या कुत्र्याला गेटबाहेरच्या रस्त्यापर्यंत रेटत नेण्याऐवजी आवारातला मातीचा एक कोपरा द्यावा. यावर सर्वसाधारण सभेत दहा मिनिटं खर्च करणं सीसीटीव्ही चाळत बसण्यापेक्षा बरं.

म्हाताऱ्या कुत्र्याचा सांभाळ न जमलेल्या घरांची वाट कुठं जाते हे स्वयंसेवकांना माहीत आहे. गळ्यावर पट्ट्याचा घट्टा पडलेला, दात झिजलेला, मागं ओला असलेला जातिवंत कुत्रा हायवेच्या कडेला सापडला की तो हरवलेला आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. उपाशी-तहानेला राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एका डायपरच्या किमतीत गुन्हा उरकतो. हा आकडा कित्येक दशकं तसाच आहे आणि तो बदलावा यासाठी खासदारांनी आवाज उठवायला हवा.

उलट बाजूचीही उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. २६/११ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे लॅब्रेडॉर राबले. निवृत्तीनंतर त्यांना विरारच्या एका फार्मवर ठेवलं गेलं, म्हातारपणाची दुखणी तिथं निस्तरली गेली, आणि २०१६ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं चौघंही गेले. ज्यांच्या कंपनीनं पिंपरीला ट्रक बनवायला शिकवलं त्या रतन टाटांच्या मृत्युपत्रात टिटो या त्यांच्या जर्मन शेफर्डच्या आजन्म सांभाळाची तरतूद असल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२४ मध्ये आल्या. जबाबदारी घरातल्या आचाऱ्याकडं, नाव घेऊन सोपवलेली. पैशाची गोष्ट सोडून द्या, ती तरतूद कुणाला परवडायची? पण 'कोण करणार' हे नाव घेऊन ठरवणं दोन खोल्यांच्या घरालाही परवडतं. सकाळी कोण नेणार, दुपारी कोण बदलणार, गावी गेलो तर कोण बघणार, हे कॅलेंडरवर लिहिलेलं असलं की कुत्रा कुणा एकीच्या गळ्यात पडत नाही. आज तो बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतो.

सगळं करूनही एक वेळ येते. ती ओळखायला अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींचं मोजमाप दिलं आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहण्यात अर्थ आहे. यात स्वच्छता सातातली एकच आहे. म्हणजे नुसती लघवी सुटते हे दयामरणाचं कारण होऊ शकत नाही. पण कुत्रा खात नाही, उठत नाही, स्वतःच्याच ओल्यात पडून कण्हतो, तेव्हा डॉक्टरच्या हातून शांतपणे निरोप देण्यात पापही नाही. देहू आणि आळंदीच्या मधल्या या मुलखात, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट कीर्तनात न ऐकलेला माणूस विरळा. त्या गोष्टीला मान डोलावणाऱ्यांना म्हाताऱ्या कुत्र्याचं अंथरूण बदलणं जड जाऊ नये.

महापालिकेकडूनही मागण्यासारखं आहे. ती पाळीव कुत्र्याला परवाना देते, नेहरूनगरला भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं केंद्र चालवते, मेलेल्या पाळीव जनावरासाठी तिथंच दहनाची सोय आहे. जन्म आणि मरण यांच्या मधली थकलेली वर्षं या व्यवस्थेत ठळकपणे यायला हवीत. आठवड्यातून एक दिवस सात वर्षांवरच्या कुत्र्यांसाठी माफक दरात रक्त-लघवीची तपासणी, परवान्याच्या नूतनीकरणावेळी वजन आणि पाण्याच्या प्रमाणाची विचारपूस, आणि सोसायट्यांना पाठवायचं एक पानी मराठी परिपत्रक, एवढ्यानंही पुष्कळ कुत्री रस्त्यावर यायची वाचतील. चाकण-भोसरीतल्या ज्या कारखान्यांच्या गेटवर रखवालदारांसोबत वर्षानुवर्षं कुत्री राबतात, त्यांनी वार्षिक खर्चात त्यांच्या म्हातारपणाच्या औषधाचीही एक ओळ घालावी.

ज्यांच्या घरात आठ वर्षांच्या पुढचा कुत्रा आहे त्यांनी महापालिकेची वाट पाहत बसू नये. उद्या सकाळी त्याच्या भांड्यात पाणी मोजून ओता, परवा सकाळी उरलेलं मोजा, चालू गोळ्यांची पट्टी आणि पहिल्या लघवीची डबी घेऊन जवळच्या पशुवैद्याकडं जा. डायपर येताना आणता येईल.